खाणावळवाली कागदपत्रांत कुठे सापडते?

संशोधनाचा विषय विचारला की बरेच जण सांगतात, 'महिला उद्योजक आणि आत्मविश्वास'. विषय चांगलाच आहे. पण हेच शब्द घेऊन जुन्या कागदपत्रांत शिरलात तर हाती फारसं काही लागत नाही. का, ते गिरणगावच्या उदाहरणाने सांगते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून, घाटावरून आलेले अनेक कामगार कुटुंब गावी ठेवून राहायचे. त्यांचं जेवण चाळीतल्या खाणावळवाल्या बायका करायच्या. पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर वाणसामान आणायचं कसं? उधारीवर, नाहीतर सावकाराकडून. खरेदी, हिशेब, वसुली, जोखीम, धंद्यातलं सगळं यात आलं. तरी याला धंदा कोणी म्हणत नसे. 'घरीच असते, चार माणसांचं जेवण करते', एवढंच.

१९७३-७४ च्या गिरणी संपात पगार थांबले, पण या बायकांनी जेवण थांबवलं नाही. कर्ज मात्र त्यांच्या डोक्यावर चढलं. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी ते जवळून पाहिलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि छोट्या कर्जदारांपर्यंत पोहोचण्याची अपेक्षा बँकांकडून होती. पण तारण काय देणार? बायकांनी गट केले आणि त्या एकमेकींना जामीन राहिल्या. कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळालं.

इथे आपण पटकन लिहून टाकतो, 'मंडळामुळे त्यांना आत्मविश्वास मिळाला'. जरा थांबा. संपातही लोकांना उधारीवर जेवू घालणाऱ्या बाईकडे आत्मविश्वास नव्हता, असं म्हणायचंय का? तिच्याकडे नव्हती ती पत, म्हणजे बँकेने मान्य केलेली ओळख. आत्मविश्वास वाढल्याचं ती स्वतः मुलाखतीत सांगत असेल तर जरूर लिहा. पण आधी काय बदललं आणि नंतर काय, हा क्रम तपासा. नाहीतर दोष बँकेच्या नियमांचा असतो आणि आपण तो बाईच्या स्वभावावर ढकलतो.

म्हणून शोधताना 'उद्योजिका' हा शब्द बाजूला ठेवा. खाणावळ, उधारी, जामीन, खातं हे शब्द धरा. संपाचे अहवाल, कर्जाचे अर्ज, मुलाखती बघा. आणि 'गृहिणी' असं लिहिलेलं दिसलं की पुढे जाऊ नका. ती दिवसभर काय करत होती, हा प्रश्न तिथेच विचारा.