अब्बांच्या लूनाचे कागद

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या जुन्नरच्या घराच्या पडवीतून लूना बाहेर काढली. अठरा वर्षं ती तिथं उभी होती. आधी तिच्यावर गोणपाट पडलं, मग मांडवाचे बांबू, मग रिकाम्या गोण्या. भंगारवाल्यानं एक नजर टाकून बाराशेचा भाव सांगितला. आतून अम्मी म्हणाली, "उसपे तेरे अब्बा की पूरी नौकरी हुई है. वो भंगार नहीं." व्यवहार तिथंच संपला.

अब्बा मंचरच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. लूना त्यांनी १९८४ साली घेतली. जुन्नरहून नारायणगाव, पुढे मीना आणि घोड या नद्या ओलांडून मंचर, असं एका बाजूचं तीसेक किलोमीटर अंतर. त्याआधी एसटी चुकली की पहिला तास चुकायचा. लूना आल्यावर ते वेळेवर पोहोचू लागले आणि संध्याकाळी मगरिबच्या आत घरी येऊ लागले. आमच्या घरापुरती तिची ऐतिहासिक कामगिरी एवढीच. पण अशा लाखो घरांची बेरीज केली तर तो महाराष्ट्राचा इतिहास होतो.

लूना बाजारात आली १९७२ साली. उद्योजक ह. क. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं इटलीच्या पियाजिओ कंपनीची 'चाओ' ही छोटी मोपेड समोर ठेवून ती तयार केली. पन्नास सीसीच्या आतलं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाहीत, आणि सायकलसारखे पायडल. त्याच वर्षी बजाजची चेतक आली. पण तो परवाना-राजचा काळ होता. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचं. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. ज्याला तेवढा दम नव्हता आणि तेवढे पैसेही नव्हते, त्याच्यासाठी लूना होती. दूधवाला, पोस्टमन, शिक्षिका, एलआयसीचा एजंट, फेरीवाला हे तिचे मालक. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घर गाठता यायचं. गरिबाच्या वाहनाला ही सोय फार मोलाची.

या कंपनीचा कारखाना अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. हे शहर वसवलं मलिक अहमद निजामशहानं, आणि तो होता आमच्या जुन्नरचा सुभेदार. १४९० साली बहमनी सुलतानाविरुद्ध त्यानं स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं ते जुन्नरहून. राजधानी नंतर नगरला गेली. मुलांना हे शिकवताना मी गमतीनं म्हणतो, जुन्नरनं नगरला राजघराणं दिलं, नगरनं पाचशे वर्षांनी जुन्नरला लूना दिली. शिवनेरीचा इतिहास सगळ्यांना पाठ असतो, असायलाच हवा. निजामशाहीचा निघाला की हल्ली वर्गातही आवाज जरा खाली येतो. लूनाचा इतिहास काढला तर मात्र प्रत्येक मूल सांगतं, "सर, आमच्या आजोबांकडेपण होती." तिथं कुणाचा, कुणाच्या बाजूचा, असा प्रश्न येत नाही.

दुरुस्तीला मी सहा हजारांची मर्यादा घातली होती. इंजिन जाम होतं. प्लग काढून त्या भोकातून थोडं डिझेल सोडलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. रोज पायडलला हलका जोर द्यायचा, जबरदस्ती करायची नाही. नवव्या दिवशी पिस्टन सरकला. टाकीत गंज साचला होता. त्यात सिरका आणि मूठभर नट टाकून मी आणि मुलगी दोन दिवस आळीपाळीनं ती हलवत बसलो. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन उन्हात कडकडीत वाळवली. सायलेन्सर कार्बननं निम्मा बुजला होता. पॉइंट घासून साफ केले, कार्बोरेटरचा जेट पेट्रोलमध्ये भिजवून मोकळा केला. केबल, टायर, ट्यूब आणि रिंगा पुण्यात नाना पेठेत मिळाल्या. पायडलचा एक दांडा नव्हता, तो बुधवारच्या जुन्या बाजारात सापडला.

एवढं होऊनही गाडी सुरू व्हायची आणि लगेच बंद पडायची. मी चार वेळा कार्बोरेटर उघडला. शेवटी मंचरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं. त्यांनी गाडी न बघताच सांगितलं, "सर, ऑइल सील बघा." टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या खोलीत जातं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये. ती खोली हवाबंद राहते सीलमुळे. रबर वाळून कडक झालं की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण बिघडतं. दोन सील दोनशे रुपयांत आले. त्या दिवशी असरनंतर गाडीला स्टँडवर लावून पायडल मारले आणि ती धरून चालली. अंगण धुरानं भरलं. अम्मी दारात येऊन उभी राहिली, बोलली काही नाही.

रंगाच्या वेळी मुलगी अडून बसली. पुढच्या मडगार्डवर अब्बांनी स्वतःच्या हातानं ७८६ लिहिलेलं आहे. त्याखाली नारायणगावच्या पेंटरनं, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे न विचारताच, 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहून टाकलेलं. अब्बांनी ते कधी पुसलं नाही. मुलगी म्हणाली, "अब्बा, बाकी सगळं रंगवा, हे नको." गाडीच्या बाकी भागाला रंग दिला, मडगार्डला फक्त वॉर्निश.

खर्च पाच हजार आठशे झाला. खरं काम पुढेच होतं, कागदांचं.

केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशा कामांसाठीच न्यायची. आमची लूना चाळिशीतली. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती वारसा नाही, नुसतीच जुनी. जुन्या गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते, शिवाय पर्यावरण कर. आम्ही कागद जमवत होतो तेवढ्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, वीस वर्षांवरच्या दुचाकीचं हे शुल्क एक हजाराचं दोन हजार झालं. उशिराचा दंड वेगळा.

पैशाचं मी समजू शकतो. अडलं ते नावावर. आर.सी. बुकात अब्बांच्या नावात 'महंमद' आहे, सेवापुस्तकात 'मोहम्मद' आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'मुहम्मद'. गाडी वारसाच्या नावावर करायची तर या तिन्ही व्यक्ती एकच आहेत हे सिद्ध करा, असं सांगण्यात आलं.

दोन्ही लिप्या शिकवणारा माणूस म्हणून मला यातलं कारण ठाऊक आहे. उर्दूत हे नाव मीम, हे, मीम, दाल या चार अक्षरांत लिहितात. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, वाचणारा ते मनानं भरतो. देवनागरीत मात्र प्रत्येक स्वर लिहावाच लागतो, आणि तो कोणता हे समोरचा कारकून ठरवतो. चूक कुणाचीच नाही. पण अलीकडच्या काळात आपल्या घरांत 'कागद दाखवा' म्हटलं की काळजात जे होतं, ते याच एका मात्रेपायी होतं. म्हणून वाचकांना सांगतो, घरातल्या मोठ्यांचे दाखले आजच एकत्र काढा, नावं ताडून बघा आणि माणसं हयात आहेत तोवर दुरुस्त करून घ्या.

आंबेगाव तालुक्याचं मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, पण प्रत्येक दाखल्यावर नाव आंबेगावचंच छापून येतं. बुडालेल्या गावाला कागदानं जिवंत ठेवलं आहे. मग चाळीस वर्षं शिकवलेला माणूस एका मात्रेनं तीन माणसं कसा होतो?

प्रतिज्ञापत्र करून दिलं आहे. फाइल पुढं सरकते आहे. मुलीला सोळावं लागलं. पन्नास सीसीच्या आतली बिनगिअरची गाडी चालवायला सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर, पालकांच्या संमतीनं, लायसन्स मिळतं, हे तिनंच शोधून काढलं. तोवर रस्त्यावर न्यायची नाही, असं ठरलं आहे. रोज असरनंतर ती लूनाला स्टँडवर लावते, पाच मिनिटं सुरू ठेवते आणि बंद करते. अम्मी रोज विचारते, "कागज आए क्या?"