गाडीवरचा लॉलीपॉप घरच्या कढईत

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात लोकल थांबल्या आणि त्यांच्यापाठोपाठ डोंबिवली स्थानकाबाहेरच्या चायनीजच्या हातगाड्याही दिसेनाशा झाल्या. आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. शाळा बंद झाल्याचे तिला फारसे दुःख नव्हते. पण शनिवारी संध्याकाळी मिळणारा चिकन लॉलीपॉप आणि त्यासोबतची लालभडक शेजवान चटणी बंद झाली, हे तिला सहन होईना. "बाबा, तू केमिस्ट्रीत पीएच.डी. केलीस ना? मग तुला जमायला हवं," असे तिने सुनावले.

कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी अफवा त्याआधीच पसरली होती आणि महाराष्ट्रात चिकनचे भाव कोसळले होते. त्यामुळे कच्चा माल स्वस्तात मिळाला. पहिला प्रयत्न मात्र पुरता फसला. लॉलीपॉप बाहेरून काळा आणि हाडाजवळ कच्चा राहिला. चटणी नुसतीच झणझणीत झाली. मुलीने एक घास घेतला आणि "हे तसं नाहीये" असा निकाल दिला.

मग प्रयोगशाळेत करतो तेच केले. एक वही घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय बदलले ते लिहून ठेवायचे आणि चव घेणाऱ्याला ते आधी सांगायचे नाही. पाच-सहा रविवारांत त्या वहीत जे जमा झाले, ती केवळ पाककृती नव्हती. गाडीवरच्या या पदार्थाविषयी आपण तीन गोष्टी गृहीत धरतो: तो चिनी आहे, त्याची चव अजिनोमोटोची आहे आणि त्याचा रंग मिरचीचा आहे. पदार्थ करून पाहताना या तिन्ही गृहीतकांची परीक्षा झाली आणि प्रत्येकामागे एक इतिहास निघाला. तो शिक्षक-मित्रांना उपयोगी पडेल असे वाटते.

नाव सिचुआनचे, घडण मुंबईची

'शेजवान' म्हटले तर चीनमध्ये कोणाला कळणार नाही. सिचुआन या चीनच्या नैर्ऋत्येकडील प्रांताच्या नावाचे जुने इंग्रजी रूप आपल्याकडच्या मेनूकार्डांवर येता येता असे बदलले. सिचुआनच्या स्वयंपाकाची खूण म्हणजे मिरचीचा तिखटपणा आणि हुआजिआओ या फळाने जिभेला येणारी झिणझिणी यांची जोडी. आपल्या चटणीत हुआजिआओ सहसा नसतेच. गंमत अशी की त्याचे भावंड कोकणातल्या घरोघरी असते. बांगड्याच्या तिखल्यात पडणारे तिरफळ आणि हुआजिआओ ही दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतली झाडे. हुआजिआओची झिणझिणी सेकंदाला सुमारे ५० वेळा होणाऱ्या कंपनासारखी जाणवते, असे लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली प्रयोगाने दाखवले.

मिरची तर ना चीनची, ना आपली. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. चीनमध्ये तिचा उल्लेख १५९१ सालच्या एका ग्रंथात सापडतो. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतो, तेही कधीतरी परक्याकडून उचललेले असते.

भारतातील चिनी वस्तीची सुरुवात अठराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात कलकत्त्याजवळ झाली. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग आच्यू या व्यापाऱ्याला हुगळीकाठी जमीन मिळाली आणि त्याने तेथे साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला अछिपूर म्हणतात. पुढे हक्का समाजाच्या लोकांनी टांग्रा भागात कातडी कमावण्याचे कारखाने उभारले आणि त्याच वस्तीत खाणावळीही निघाल्या. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना स्थानबद्ध करण्यात आले. त्यांतील बहुतेकांची रवानगी राजस्थानातील देवळीच्या छावणीत झाली. अनेकांचा जन्म भारतातच झालेला होता. सुटकेनंतर कित्येक जण देश सोडून गेले. ज्या दशकांत 'चायनीज' भारतभर आवडते झाले, त्याच दशकांत ते घडवणारा समाज इथे आकसत गेला. लॉलीपॉपच्या बशीत ही गोष्ट दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगायला हवी.

कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग सत्तरच्या दशकात मुंबईत आले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाकी असताना, १९७५ साली, एका गिऱ्हाइकाने यादीबाहेरचे काही मागितले आणि आपण चिकन मांचुरियन केले, असे त्यांनी सांगितले आहे. आले, लसूण, हिरवी मिरची हे आपले नेहमीचे वाटण, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस, दाटपणाला कॉर्नफ्लावर. त्याच दशकाच्या पूर्वार्धात ताजमहाल हॉटेलातील गोल्डन ड्रॅगनने सिचुआन पद्धतीचे जेवण मुंबईत आणले. श्रीमंतांच्या टेबलावरचे हे पदार्थ पुढे हातगाडीवर उतरले. ठाण्यात १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवलीत १९८३ साली महानगरपालिका झाली. मुंबईत नोकरी करून रात्री घरी परतणाऱ्यांची संख्या वाढत होती आणि स्थानकाबाहेर पाच मिनिटांत गरम काही हाती ठेवणाऱ्याला गिऱ्हाईक तयार होते.

लॉलीपॉप याच घराण्यातला. कोंबडीच्या पंखावर मांस थोडे आणि हाड जास्त. हाडावरचे मांस सोडवून एका टोकाला गोळा केले की तोच पंख भरदार दिसतो. वर्गात उत्क्रांतीचे शरीरशास्त्रीय पुरावे शिकवताना याचा जरूर उपयोग करावा. पंखाच्या वरच्या भागात एकच हाड असते. ते आपल्या दंडाच्या हाडाशी जुळते. मधल्या भागात दोन असतात. ती आपल्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांशी जुळतात. मधल्या भागाचा लॉलीपॉप करताना त्यांतले बारीक हाड काढून टाकावे लागते.

वडापावचे श्रेय दादर स्थानकाबाहेरच्या अशोक वैद्यांना आणि १९६६ सालाला दिले जाते. लॉलीपॉपला असे सर्वमान्य नाव मिळालेले नाही. तो एकाने दुसऱ्याचे पाहून केला आणि तिसऱ्याने त्याचे पाहून, असाच पसरला.

पाणी गेल्याशिवाय चव नाही

आमची पहिली चूक अशी की आम्ही 'गुप्त मसाला' शोधत होतो. वहीतल्या नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या. मसाला बदलून चवीत थोडा फरक पडे. उष्णता आणि वेळ बदलली की मोठा फरक पडे.

आवरणासाठी आम्ही दोन भाग कॉर्नफ्लावर आणि एक भाग मैदा घेतला. मैद्यातील ग्लुटेनमुळे आवरण चिवट होते. कॉर्नफ्लावरमध्ये ग्लुटेन नसते. मक्याच्या स्टार्चचे कण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात. मग तेलात ते पाणी वाफ होऊन निघून जाते आणि मागे ठिसूळ, कुरकुरीत कवच उरते. एकाच मोठ्या आचेवर तळले तर बाहेरचे करपते आणि आतले कच्चे राहते. म्हणून दोनदा तळायचे. आधी सुमारे १५० अंशांवर आतपर्यंत शिजवायचे (हाडाजवळ निदान ७४ अंश गाठलेच पाहिजेत), थोडे थांबायचे आणि मग १८० अंशांवर मिनिटभर तळायचे. गाडीवर अर्धवट तळलेले लॉलीपॉप परातीत रचून ठेवलेले असतात, त्यामागे गिऱ्हाइकाची घाई असते तसे हे शास्त्रही असते.

चटणीचेही तेच. सुक्या मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटल्या, तेलात भरपूर लसूण आणि आले परतले, त्यात वाटण घातले. जोवर वाटणात पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल ऊर्जा लागते. घरच्या शेगडीतून कढईला सेकंदाला १,२०० ज्यूल मिळतात असे धरले, तर १०० ग्रॅम पाणी घालवायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. आणि चटणी करपू नये म्हणून आच मंद ठेवली की वीस मिनिटे सहज जातात. आपल्या आया 'तेल सुटेपर्यंत परत' म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच की पाणी संपले आणि आता तापमान वर चढेल. त्यानंतरच अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील ती अभिक्रिया वेग घेते, जिचे वर्णन लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. लॉलीपॉपचा तांबूस रंग, भाजलेल्या पावाचा वास आणि आपल्या चटणीचा खमंगपणा ही तिचीच देणगी. शेवटी व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर आणि थोडा सोया सॉस. चौथ्या रविवारी आईने नुसती चटणी चाखली (ती चिकन खात नाही) आणि म्हणाली, "आता कच्चा वास गेला."

अजिनोमोटोवरचा आरोप

तोक्यो विद्यापीठातील किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या सागरी शेवाळापासून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्याच्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. त्याचे सोडियम-युक्त रूप १९०९ पासून 'अजिनोमोटो' या नावाने विकले जाऊ लागले. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असते, सोया सॉसमध्ये असते आणि आईच्या दुधातही असते.

त्याची बदनामी एका पत्रातून सुरू झाली. एप्रिल १९६८ मध्ये रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांनी अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाला लिहिले की चिनी हॉटेलात जेवल्यावर आपल्याला मानेत बधिरपणा आणि धडधड जाणवते. सोया सॉस, स्वयंपाकातील दारू, ग्लुटामेट, जास्तीचे मीठ अशा अनेक शक्यता त्यांनी मांडल्या होत्या. लोकांच्या लक्षात एकच राहिली. नियतकालिकाने दिलेल्या शीर्षकामुळे तर हा एका समाजाच्या खाण्याचाच आजार ठरला.

त्यानंतर चाचण्या झाल्या. १९८७ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ग्लुटामेटला रोजच्या सेवनाची संख्यात्मक मर्यादा घालण्याची गरज नाही असे ठरवले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका दुहेरी अंध चाचणीत स्वतःला त्रास होतो असे म्हणणारे १३० जण होते. मोठी मात्रा अन्नाविना दिल्यावर काहींना लक्षणे जाणवली, पण पुन्हा पुन्हा चाचणी घेतल्यावर सातत्याने प्रतिसाद देणारे अगदी मोजके उरले. अन्नासोबत दिल्यावर तेही सातत्य दिसले नाही. याचा अर्थ अजिनोमोटो मूठमूठ घालावे असा नाही. निकृष्ट पदार्थाची चव त्याने झाकता येते, हा आक्षेप खरा आहे. पण तो आक्षेप वेगळा आणि विषाचा आरोप वेगळा.

घरी आम्ही दोन वाट्यांत चटणी ठेवली, एकीत अजिनोमोटो घालून. कोणती वाटी कोणती हे नाणे उडवून ठरवले. तिघांपैकी दोघांना ती वाटी अधिक आवडली. तिघांच्या चाचणीला संख्याशास्त्रात काही किंमत नाही, हेही वहीत लिहिले आहे. मात्र नीट न परतलेली चटणी अजिनोमोटो घालूनही कोणाला आवडली नाही.

लाल रंग कुठून?

तिसरे गृहीतक कोसळले ते सगळ्यात शेवटी. ब्याडगी आणि काश्मिरी मिरचीने चटणी सुंदर लाल झाली. पण गाडीवरच्या लॉलीपॉपचा तो भगवट भडक रंग काही येईना. मिरचीतले रंगद्रव्य तेलात विरघळते, तर खाद्यपदार्थांत वापरले जाणारे बहुतेक कृत्रिम रंग पाण्यात विरघळतात. गाड्या पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही एका गाडीवरचा लॉलीपॉप आणि घरचा लॉलीपॉप पाण्याच्या दोन पेल्यांत बुडवले आणि पाणी गाळून घेतले. एक पाणी जवळजवळ स्वच्छ राहिले, दुसरे नारिंगी झाले. ही ढोबळ चाचणी आहे. बिटाचा रंगही पाण्यात उतरतो, आणि सुदानसारखे घातक रंग तेलात विरघळणारे असल्यामुळे त्यांना ही चाचणी पकडू शकत नाही. पण शंका घ्यायला ती पुरेशी आहे.

कायद्याने कृत्रिम रंग ठराविक पदार्थांतच आणि ठराविक मर्यादेत चालतात. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मांचुरियनमध्ये असे रंग घालण्यावर बंदी आणली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित निघाले होते. म्हणजे चाळीस वर्षे आपण अजिनोमोटोला घाबरत राहिलो आणि डोळ्यांसमोरच्या रंगाकडे पाहिलेच नाही. नाव परके असलेल्या वस्तूचे भय लवकर पसरते. रोज दिसणाऱ्या वस्तूची तपासणी करायला कोणीतरी पेला आणि पाणी घ्यावे लागते.

दरम्यान शेजवान चटणीची बाटली किराणा दुकानात पोचली. 'चिंग्ज सीक्रेट' हे नाव चालवणारी कॅपिटल फूड्स ही कंपनी विकत घेत असल्याचे टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. निनावी हातांनी घडवलेली चटणी मोठ्या उद्योगाचा माल झाली.

आमच्या नेहमीच्या गाडीवर आता नेपाळहून आलेला एक तरुण असतो. "हे कुठे शिकलात?" असे त्याला विचारले. कढई हलवताना मान वर न करता तो म्हणाला, "देख देख के." आम्हीही तेच केले होते, फरक एवढाच की आम्ही लिहून ठेवले.

वर्गात हे सहज करता येईल. कॉर्नफ्लावरची घट्ट पेज करून निववावी, दोन वाट्यांत घ्यावी आणि एकीत चमचाभर लाळ घालून पंधरा मिनिटांनी पाहावे. लाळेतील विकराने ती पातळ झालेली दिसेल. मग प्रत्येक विद्यार्थ्याने घरातला आवडता पदार्थ करणाऱ्या माणसाला दोनच प्रश्न विचारावेत: हे कोणाचे पाहून शिकलात, आणि तुम्ही त्यात काय बदललेत? उत्तरे वहीत लिहावीत, शिकवणाऱ्याच्या नावासकट. आमच्या वहीचे शेवटचे पान अजून अपुरे आहे. गाडीवरच्या मोठ्या आचेचा तो धुरकट वास घरच्या शेगडीवर आम्हाला आजही साधलेला नाही.