शिरोळ तालुका स्वतंत्र झाला कधी?

आजचा प्रश्न साधा आहे. आपला शिरोळ तालुका स्वतंत्र झाला कधी?

१५ ऑगस्ट १९४७, असं पटकन म्हणाल. त्या दिवशी इंग्रज गेले, हे खरंच. पण शिरोळवर इंग्रज थेट राज्य करतच नव्हते. इथं कोल्हापूर दरबारची सत्ता, आणि दरबारावर इंग्रजांचा पहारा. पहारा किती कडक? १८४४च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर त्यांनी कारभारच हातात घेतला. १८५७नंतर चिमासाहेब महाराजांना तर थेट कराचीला नेऊन ठेवलं.

पंचगंगेपलीकडचं कुरुंदवाड वेगळंच संस्थान, पटवर्धनांचं. त्यातही थोरली पाती आणि धाकटी पाती. म्हणजे नावेतनं पलीकडं उतरलं की राजा बदलला!

१९४७ला संस्थानांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण दिल्लीकडं सोपवलं. बाकी शेतसारा, कोर्ट, पोलीस दरबाराकडंच. झेंडा बदलला, पण गावच्या माणसाला जिथं रोज जावं लागायचं ती कचेरी तीच.

ही कचेरी लोकांना जाब देणारी हवी, ही मागणी मात्र जुनी. १९३९ला माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार वगैरे मंडळींनी प्रजा परिषद काढली. रत्नाप्पा आपल्याच तालुक्यातल्या निमशिरगावचे. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले. मला वाटतं, इंग्रजाला ‘चले जाव’ म्हणणं एकवेळ सोपं, तो परकाच होता. पण ज्या गादीवर बसून शाहू महाराजांनी वसतिगृहं उभी केली, राखीव जागा दिल्या, त्याच गादीकडं ‘आता सत्ता आमच्या हातात द्या’ म्हणायचं? त्याला काळीज लागतं राव.

शेवटी ८ मार्च १९४८ला कुरुंदवाड मुंबई प्रांतात विलीन झालं. कोल्हापूरचा नंबर लागला १ मार्च १९४९ला. म्हणजे जवळजवळ वर्षभर नदीच्या पलीकडं मुंबईचं सरकार आणि अलीकडं अजून संस्थानच. रत्नाप्पा तोवर संविधान सभेत पोचले होते. संविधानावर त्यांची सही आहे, बघा कधी शोधून.

पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांचंही असंच, हप्त्याहप्त्यानं. जर्मन, जपानी, मग अमेरिकन अंमल. १९७९ला स्वतःची घटना, १९८६ला स्वातंत्र्य, तरी संरक्षण आजही अमेरिकेकडं.

घरात कुणी नव्वदीतलं असेल तर विचारा, संस्थान गेलं तेव्हा घरात काय बोलणं झालं? आणि विचारताना मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.