नळाचं चाक आणि हवेचं बिल

१८५१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स यांनी पाण्याचा मीटर बनवला. धारेनं आतलं चाक फिरायचं, तसा आकडा पुढे सरकायचा. आपल्या नळावरचा जुना मीटर त्याच जातीचा. पण आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं. आधी हवा सुसाटत येते, चाक गरगरतं नि हंडा भरण्याआधीच बिल चढतं. नळ थेंबथेंब गळला तर मात्र चाक हलतही नाही.

विसाव्या शतकात अल्ट्रासॉनिक मीटर आला. त्यात चाकच नाही. ध्वनिलहर धारेसोबत लवकर पोचते, धारेविरुद्ध उशिरा. त्या फरकावरून पाणी मोजतात. नुसत्या हवेनं आकडा पळत नाही. पण बारीक गळतीही तो टिपतो, आणि बॅटरी संपली की थांबतो. म्हणून मीटर बदलण्याआधी गळका नळ दुरुस्त करा, आणि जुना आकडा वहीत लिहून ठेवा.