धवळे, ओव्या आणि त्यांचे संग्राहक

ठाणे शहराच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या खाडीलगत बाळकुम हे आगरी-कोळ्यांच्या वस्तीचे जुने गाव आहे. साष्टी बेटाच्या कडेचे हे गाव आज ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. भात, मीठ व मासळी ही या किनाऱ्याची परंपरागत संपत्ती. तिची नोंद सरकारी दप्तरात होत आली. परंतु लग्नघरी धवळारणीच्या मुखातून निघणारे धवळे कोणत्याही दप्तरात चढले नाहीत.

आगऱ्यांच्या लग्नात धवळारणीचा मान मोठा. मांडव, हळद, लग्न, एकेका विधीस तिचे गाणे लागते. ते पोथीत नसते. थोरल्या बाईच्या मागे म्हणत धाकटीने ते उचलावयाचे. ही चाल फार जुनी आहे. महानुभाव पंथातील महदंबेचे तेराव्या शतकातील ‘धवळे’ हीदेखील विवाहगीतेच होत. ओवीचा पुरावा तर त्याहून आधीचा. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख सापडतो.

इतके प्राचीन धन गोळा करण्यास मात्र फार उशीर झाला. साने गुरुजींनी १९४०च्या सुमारास ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात बायकांच्या ओव्या एकत्र केल्या. स्वातंत्र्यानंतर डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे अनेक खंड सिद्ध केले. परंतु छापील पानावर शब्द उतरतात, गळा उतरत नाही.

हीच अडचण परदेशातही आली. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांत विणलेले लोकरी कापड आपटून घट्ट करताना बायका गेलिक गीते गात. मार्जरी केनेडी-फ्रेझर या बाईंनी १९०९पासून ती प्रसिद्ध केली. पण शहरी कानांस रुचावी म्हणून त्यांना पियानोची साथ जोडली. पुढे मार्गारेट फे शॉ १९२९ ते १९३५ या काळात साउथ उइस्ट बेटावर दोघी बहिणींच्या घरी राहिल्या, आणि गाणारीने जसे गायिले तसेच त्यांनी टिपले. त्यांचा ग्रंथ १९५५ साली निघाला.

हा दुसरा मार्ग महाराष्ट्रात गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी चोखाळला. मुळशी-मावळच्या डोंगराळ भागातील बायकांमध्ये काम करीत असता त्यांनी जात्यावरच्या ओव्या जमविण्यास आरंभ केला. गावोगावचे कार्यकर्ते त्यात सामील झाले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या मिळाल्या. कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचे नाव व गाव नोंदले गेले, हे विशेष होय. २०१७ सालापासून ‘पारी’ या संस्थेने हा संग्रह सर्वांस खुला करण्यास प्रारंभ केला.

पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली, आणि पहाटेच्या ओवीचे निमित्तच सरले. धवळ्यांचे निमित्त अद्याप शिल्लक आहे, कारण लग्ने होतच आहेत. परंतु ध्वनिक्षेपकाच्या गजरात वृद्ध धवळारणीचा आवाज ऐकू येईनासा झाला, तर तिच्या मागे म्हणून शिकावयाचे कोणी? बाळकुमसारख्या गावातील शिकलेल्या लेकीसुनांनी आपल्याच आजीजवळ बसून, तिच्या बोलीत एका अक्षराचाही फेर न करता, तिच्या नावासह ही गाणी टिपून ठेवावी. या कामास बाहेरच्या पंडिताची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि तेवढा अवधीही आता उरलेला नाही.