एंडोकॅनाबिनॉइडांचे चयापचयी रूपांतर
आनंदामाइड आणि २-अ‍ॅराकिडोनोइल ग्लिसरॉल (२-एजी) हे एंडोकॅनाबिनॉइड म्हणजे पेशीपटलातील मेदांपासून गरजेपुरते बनणारे संदेशवाहक रेणू. त्यांचे काम थांबवणारी एंझाइमेच नवे संदेशवाहक घडवतात, हे या विषयाचे मर्म होय. एफएएएच हे एंझाइम आनंदामाइडचे, तर एमएजीएल हे एंझाइम २-एजीचे जलीय विच्छेदन करते. दोन्हींतून अ‍ॅराकिडॉनिक अम्ल मिळते. उंदराच्या मेंदूत २-एजीचे सुमारे ८५% विघटन एमएजीएल करते, आणि तेथील दाहकारक प्रोस्टाग्लँडिनांना लागणारे बरेचसे अम्ल याच वाटेने येते. म्हणून एमएजीएल रोखल्यास उंदरांत २-एजी वाढते आणि मेंदूचा दाहही उतरतो. सायक्लोऑक्सिजनेज-२ हे एंझाइम मात्र रेणू न तोडता त्याचे ऑक्सिडीकरण करते : आनंदामाइडपासून प्रोस्टामाइडे, २-एजीपासून प्रोस्टाग्लँडिनांची ग्लिसरॉल एस्टरे. काचबिंदूवरील औषध बिमॅटोप्रोस्ट रचनेने प्रोस्टामाइडाच्याच जवळचे. लायपॉक्सिजनेजे व सायटोक्रोम पी४५० यांचेही असे मार्ग आहेत.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील उमाठे व सहकाऱ्यांचे २०१२ मधील संशोधन विघटन रोखल्याचा परिणाम मात्रेनुसार कसा उलटतो हे दाखवते. उंदरांची गोट्या पुरण्याची सवय हा सक्तीच्या वर्तनाचा नमुना मानतात. एफएएएच रोखणारे यूआरबी५९७ अल्प मात्रेत ती घटवते. मोठ्या मात्रेत साचलेले आनंदामाइड टीआरपीव्ही१ या ग्राहीमार्फत ती उलट वाढवते.