बंद पाकिटातले उत्तर

रविवारची पुरवणी हातात आली की घरातली एखादी व्यक्ती बाकीची सगळी पाने बाजूला सारून आधी शब्दकोड्याकडे वळते. पेन्सिल, खोडरबर, चहाचा कप आणि 'न पासून सुरू होणारी तीन अक्षरी नदी कोणती गं?' अशी स्वयंपाकघराकडे धाडलेली विचारणा. यात कोणाचे काय बिघडणार? पण मंडळी, याच निरुपद्रवी चौकटींसाठी एकेकाळी मुंबई राज्याने कायदा केला, संसदेने दुसरा कायदा केला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रश्न वरवर अगदी साधा होता. शब्दकोडे सोडवणे हा बुद्धीचा खेळ की जुगार? त्याचे उत्तर मात्र एका बंद पाकिटात दडलेले होते.

आधी शब्दकोड्याची कुळकथा थोडक्यात पाहू. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकाराने एक नवे कोडे छापले. आकार शंकरपाळ्यासारखा, मध्ये पोकळ जागा आणि नाव 'वर्ड-क्रॉस'. थोड्याच आठवड्यांत हे नाव उलटून 'क्रॉसवर्ड' झाले आणि तेच रूढ झाले. १९२४ साली अमेरिकेत शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले. त्याच्यासोबत एक पेन्सिल दिलेली होती. पुढे हे वेड अटलांटिक ओलांडून इंग्लंडात गेले आणि १९३० साली लंडनच्या 'टाइम्स'नेही शब्दकोड्याला जागा दिली.

वाचकांना ज्याचे वेड लागते त्यातून पैसा करण्याची युक्ती कोणाला तरी सुचतेच. इंग्लंडात ती शब्दकोड्याच्या जन्माआधीच सुचली होती. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'पिअर्सन्स वीकली' या साप्ताहिकाने 'गाळलेला शब्द' ही स्पर्धा चालवली. एक उतारा छापायचा, त्यातला एक शब्द गाळायचा आणि वाचकांनी तो ओळखून एक शिलिंगसह पाठवायचा. खरा शब्द मोहोरबंद पाकिटात ठेवलेला. जमलेली रक्कम बरोबर शब्द पाठवणाऱ्यांत वाटली जाई. लाखो शिलिंग गोळा होऊ लागले आणि प्रकरण न्यायालयात गेले. रिकाम्या जागी अनेक शब्द सारखेच शोभत असतील, तर त्यांतला नेमका एक ओळखणे ही निव्वळ सोडत आहे, असा निकाल १८९३ साली लागला. शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांवरही तिथे १९३० च्या दशकात हीच वेळ आली. स्पर्धक पैसे मोजून न दिसणाऱ्या लक्ष्यावर आंधळेपणाने बाण सोडतात, अशा अर्थाची इंग्लंडच्या मुख्य न्यायाधीशांची टीका तेव्हापासून प्रसिद्ध आहे.

या बक्षीस-कोड्यांची लाट आपल्याकडेही आली. १९४० आणि ५० च्या दशकांत नियतकालिकांतून हजारो रुपयांच्या आकड्यांसह ती झळकू लागली. काही आण्यांची प्रवेश फी, कूपन कापायचे, भरायचे आणि पाठवायचे. एकाने कितीही कूपने पाठवावीत. बाह्यतः हे सगळे शब्दकोड्यासारखेच दिसे. फरक होता तो आतल्या रचनेत, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढची लढाई कळणार नाही.

आपण साध्या शब्दकोड्यापासून सुरुवात करू. इंग्रजीत एका घरात एक अक्षरचिन्ह बसते. मराठीत काना, मात्रा, वेलांटीसह आख्खे अक्षर एका घरात बसते. जोडाक्षरालाही एकच घर पुरते. म्हणून 'नर्मदा' तीन घरांत मावते. 'न' एका उभ्या शब्दातून मिळाला, 'दा' दुसऱ्या उभ्या शब्दातून मिळाला, की मधल्या घराबद्दल शंका उरत नाही. चांगल्या कोड्यात प्रत्येक शब्दाला असे दोन साक्षीदार असतात. एक सूचक वाक्य आणि दुसरा त्याला छेदून जाणारा शब्द. दोघांची साक्ष जुळली की उत्तर पक्के. उद्याच्या अंकात ते छापून येण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता बक्षीस-कोडे पाहू. समजावण्यासाठी मी एक नमुना रचतो. दोन घरे आहेत. दुसऱ्या घरात 'त्र' छापलेला आहे, पहिले रिकामे आहे. सूचक वाक्य असे: 'अडचणीच्या वेळी हाच उपयोगी पडतो.' सांगा पाहू उत्तर. कोणी म्हणेल मित्र. म्हातारपणाची काळजी असलेला म्हणेल पुत्र. श्रद्धावान म्हणेल मंत्र. तिन्ही शब्द घरांत बसतात, वाक्यालाही शोभतात. आणि त्या रिकाम्या पहिल्या घरातून दुसरा कोणताही शब्द मुद्दामच जात नाही. म्हणजे दुसरा साक्षीदार आधीच गैरहजर केलेला आहे. मग 'बरोबर' उत्तर कोणते? जे आयोजकांकडे आहे ते. कधी ते आधीच ठरवून मोहोरबंद ठेवलेले असे, तर कधी पर्यायांतला शब्द निवडण्याचा अधिकार त्यांच्या समितीकडे असे. तुमचा शब्द अधिक समर्पक असल्याचे तुम्ही सिद्ध केलेत, तरी त्याला काडीची किंमत नाही.

यामागचा हिशेब फार सोपा आहे. समजा, कोड्यात अशी बारा ठिकाणे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी दोनच शब्द शक्य आहेत. तर सगळे मिळून ४,०९६ वेगवेगळी उत्तरे होतात. प्रत्येक प्रवेशिकेला चार आणे धरले, तर सर्व शक्यता भरायला १,०२४ रुपये लागतील. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. म्हणून माणूस दहा-वीस कूपने भरून थांबे. शिवाय 'एक चूक' असलेल्यालाही बक्षीस ठेवले की ओढ वाढते. पण एकही चूक नसलेली किंवा एकच चूक असलेली उत्तरे ४,०९६ पैकी अवघी तेरा. म्हणजे साधारण तीनशे पंधरात एक.

खरी मेख पुढेच आहे. निकाल हाती आला की स्पर्धकाला दिसते की आपले बारापैकी आठ-नऊ शब्द जुळले. निव्वळ नाणे उडवून भरले असते तरी सरासरी सहा जुळले असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. त्याला वाटते, थोडक्यात हुकले, पुढच्या वेळी नक्की. लॉटरीचे तिकीट हरले तर माणूस नशिबाला दोष देतो. इथे तो स्वतःच्या बुद्धीला दोष देतो आणि तिला पुन्हा एक संधी देतो. शिकलेला, शब्दांवर प्रेम करणारा, पत्त्यांच्या अड्ड्यावर कधी पाऊल न टाकणारा माणूस या वाटेने जुगारात ओढला जाऊ शकतो. त्याच्या हातात पत्ते नसतात, शब्दकोश असतो, एवढेच.

मुंबई प्रांताने १९४८ साली लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला. त्यात परवान्याची अट होती. पण एक मोठी फट राहिली होती. प्रांताबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतल्या स्पर्धा या कायद्याच्या कक्षेत येत नव्हत्या. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कंपनीची 'आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स' ही स्पर्धा बंगळूरला छापल्या जाणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या इंग्रजी साप्ताहिकातून चाले. साप्ताहिक म्हैसूर राज्यात छापले जाई, पण त्याचा मोठा खप मुंबई राज्यात होता. प्रवेशिका आणि पैसे गोळा करण्याची केंद्रेही इथे होती. १९५२ साली मुंबई सरकारने कायदा दुरुस्त करून ही फट बुजवली आणि बाहेरच्या वृत्तपत्रांतल्या स्पर्धांवरही कर लावला.

कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. आमचा हा व्यवसाय आहे, घटनेने दिलेल्या व्यवसाय-स्वातंत्र्यावर आणि आंतरराज्य व्यापारावर हा घाला आहे, असे तिचे म्हणणे. उच्च न्यायालयात कंपनीची सरशी झाली. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. दरम्यान १९५५ साली अनेक राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांनुसार संसदेने बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला. महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांवर बंदी, त्याखालच्या स्पर्धांना परवाना सक्तीचा आणि कोणत्याही स्पर्धेत दोन हजारांहून जास्त प्रवेशिका घ्यायच्या नाहीत. हा कायदा १ एप्रिल १९५६ पासून लागू झाला. त्यालाही स्पर्धा चालवणाऱ्यांनी आव्हान दिले.

दोन्ही प्रकरणांचा निकाल एकाच दिवशी लागला, ९ एप्रिल १९५७ रोजी. आणे जाऊन नवे पैसे व्यवहारात आल्याला जेमतेम आठवडा झाला होता. मुंबईच्या प्रकरणाचे निकालपत्र सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी लिहिले. त्यात कायद्याच्या कलमांसोबत ऋग्वेदातले जुगाऱ्याचे सूक्त येते, महाभारतातली पांडवांची दैना येते, मनू आणि याज्ञवल्क्यही येतात. एका शब्दकोड्याच्या खटल्यात एवढी मंडळी हजर होण्याचे कारण होते. न्यायालयाला दाखवायचे होते की या देशात जुगाराकडे व्यापार म्हणून कधी पाहिले गेले नाही. जो व्यापारच नाही, त्याला व्यापार-स्वातंत्र्याचे कवच कसे मिळणार?

पण ही स्पर्धा जुगार आहे, हे आधी ठरायला हवे होते. न्यायालयाने स्पर्धेची रचना तपासली आणि कसोटी लावली ती कौशल्याची. सुरुवातीला योग्य शब्द शोधण्यात थोडीफार बुद्धी लागत असेल. परंतु अखेरचे यश आयोजकांच्या निवडीशी जुळण्यावर अवलंबून असेल, तर ते भरीव प्रमाणात कौशल्यावर अवलंबून नाही. म्हणून हा जुगारच. कर आणि कायदा दोन्ही वैध ठरले.

संसदेच्या कायद्याच्या प्रकरणात प्रश्न अधिक नाजूक होता. त्यातली व्याख्या एवढी मोठी होती की अक्षरांच्या, शब्दांच्या वा आकड्यांच्या जुळणीवर बेतलेले कोणतेही बक्षीसपात्र कोडे तिच्यात बसले असते. खऱ्या बुद्धीच्या स्पर्धाही! मग पूर्ण कायदाच रद्द करा, असा युक्तिवाद झाला. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने तो मानला नाही. संसदेचा रोख जुगारावर होता, म्हणून हा कायदा जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांनाच लागू होतो, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे एकाच दिवशी बंद पाकिटातल्या कोड्याचे कवच गेले आणि खऱ्या कोड्याला मात्र अभय मिळाले. मला या निकालातला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. लबाडीवर चिडून सगळ्याच कोड्यांवर वरवंटा फिरवणे सोपे होते.

ही रेषा पुढे बरीच लांब गेली. १९६७ साली रमीचा प्रश्न आला, तेव्हा पडलेली पाने लक्षात ठेवणे, काय धरायचे आणि काय टाकायचे हे ठरवणे यात कौशल्याचा भाग मोठा आहे, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीबाबतही हीच कसोटी लागली. मग मोबाईल आला आणि बोटाच्या एका स्पर्शावर पैसे लावायचे खेळ घराघरांत पोहोचले. ते चालवणारेही न्यायालयांत वारंवार चमारबागवाला निकालाचाच आधार घेत राहिले. अखेर २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, दोन्ही बंदीच्या कक्षेत घेतले. १९५७ साली जपून आखलेली रेषा या एका क्षेत्रापुरती संसदेने बाजूला ठेवली. ते योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत. पण वाद आजही त्याच जागी घुटमळतो आहे: पैसे लावणाऱ्याच्या बुद्धीला तिथे खरोखर काही वाव आहे का?

आपल्याकडे कोडे घालण्याची परंपरा फार जुनी. आजीने घातलेले कोडे कितीही अवघड असले, तरी उत्तर कळताच आपण कपाळावर हात मारून म्हणतो, 'अरेच्चा, हे तर समोरच होते!' त्या एका उद्गारात कोडे घालणाऱ्याचा प्रामाणिकपणा असतो. त्याने आपल्याला चकवलेले असते, पण नाडलेले नसते. ज्या कोड्याचे उत्तर ऐकल्यावर तोंडून 'अरेच्चा' ऐवजी 'असं का?' एवढेच निघते, ते कोडे दुसऱ्यांदा सोडवायला घेऊ नये. आणि त्यासाठी पैसे मागत असतील, तर पहिल्यांदाही नको.